अमावस्या रविवारी घेता येईल का?

तीर्थस्वरूप सिंधुआत्या,

सत्यम पायावर डोकं ठेवतो. (गुडघा दुखत असेल तर पाय मागं घेऊ नकोस, हळूच ठेवतो.) हरभऱ्याला घाटे लागले का? इथे बेंगळुरूत माझं सगळं ठीक आहे. म्हणजे कोणी विचारलं तर तसं सांगायचं.

परवा दयानंदकाकांचा फोन आला. म्हणाले, "आवंदा सत्यम आला न्हाई तर येळवस करायचीच न्हाई म्हणून राहिली तुझी आत्या." तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तीन वर्षं दर वेळ अमावस्येला तू शेतात पूजेची कडब्याची कोप माझ्याविना उभी केलीस आणि मी ऑफिसात बसून शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचे फोटो पाहिले. गेल्या रविवारी ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबीलही केली, पण ती प्यायला शेत कुठून आणू? यायचं फार मनात आहे, काम अडवतं. ते काम काय, हे तू दरवेळी विचारतेस आणि मी टाळतो. आज सांगतो. चिप कारखान्यात करण्याआधी आम्ही ती संगणकावर नुसती चालवून बघतो, चुका आधीच सापडाव्यात म्हणून. खऱ्या चिपचं सेकंदभराचं काम, पण संगणक त्याला आठवडे लावतो. तो वेग वाढवायचा, हीच माझी नोकरी. आणि चाचणी संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, ही माझी रीत.

मागं तू म्हणालीस, "एका मशीनला उरकंना तर आणखी लाव की बापा." मला पटलं. (साहेबांना कल्पना माझीच म्हणून सांगितली.) चिपचे तुकडे करून ढीगभर मशीनांवर वाटले, तर काम आणखी हळू झालं. चिप घड्याळासारखी ठोक्याठोक्यानं चालते, आणि प्रत्येक ठोक्याला सगळ्या मशीनांनी एकमेकींसाठी थांबायचं असतं. आपल्या पंगतीसारखं, शेवटच्या पानात वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. एक तुकडा फार जड निघाला, त्याच्यापायी बाकीच्या नुसत्या पानावर बसून.

मग चिपचे जे भाग रिकामे बसतात, त्यांचा ठोकाच मी बंद केला. चाचणी चहा व्हायच्या आत पास. मी पेढे वाटले, तिकीट काढलं, तुला इरकल लुगडं घेतलं. संध्याकाळी सृष्टीनं (शेजारी बसते, देगलूरची आहे) नीट बघितलं आणि म्हणाली, "अरे, तू अख्खी चिपच झोपवून ठेवलीस की. झोपलेलं माणूस काय चुकणार हाय?" तिकीट रद्द केलं. पेढे कोणी परत केले नाहीत. आता चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे आणि संपते पुढच्या शनिवारी. अमावस्या त्याच्या आदल्या गुरुवारी.

आत्या, तुझी फार आठवण येते.

तुझा,
सत्यम

ता. क. खरं विचारायचं होतं ते हे: येळवस रविवारी घेता येईल का? आपल्या शेतापुरती. गुरुजींना तू विचार, मला रागावतील.

ता. क. आणखी एक. पत्र टाकण्याआधी साहेबांना विचारलं, चाचणी चालू असताना मी गेलो तर चालेल का. ते म्हणाले, "ती तर आपली आपण चालते. तू कशाला बसतोस?" आपल्याकडं खळ्यावर रास पडली की कोणीतरी तिच्या उशाला झोपतंच, मला वाटलं, इथंही तसंच असतं. तीन वर्षं मला कोणी अडवलंच नव्हतं गं. अमावस्या आहे तिथंच राहू दे. बुधवारी गाडीत बसतो. घ्यायला कोणाला पाठवू नकोस, शेताची वाट मला पाठ आहे. चुकलोच तर बांधावरून हाक मार.