रसभरीचे कंदील

प्रिय रितिका,

तुला पत्र लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही, याचा विचार करण्यातच दोन दिवस गेले. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून माझं तोंडच उघडलं नसतं. पुण्याचा पत्ता तुझ्या आईने, कांताबाईंनी दिला. इतवारीत भांड्यांच्या गल्लीत कांताबाई समोरून येताना दिसल्या आणि मी एका हातगाडीच्या आड व्हायला निघाले. तेवढ्यात त्यांनीच हाक मारली, "जय भीम ताई, बऱ्या आहात ना? गुडघा कसा आहे?" त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी मान खाली घालून ऐकले असते. त्यांनी गुडघा विचारला. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

तुझे कंदील इतके दिवस आमच्याकडेच होते, मधल्या खोलीत अलमारीवर, माझ्या जुन्या लुगड्यात बांधून. खाली उतरवून बघायची हिंमत होत नव्हती, पण सगळं आठवायचं. विक्कीच्या बाबांनी कळमन्याच्या बाजारातून टोपलीभर रसभरी आणली होती. मी फळं सोलून त्यांची कागदासारखी फोलपटं सुपात टाकत होते आणि तू एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरत होतीस. "काकू, हा तर तयारच कंदील आहे," म्हणालीस. मला हसूच आलं. तुझ्या आणि विक्कीच्या लग्नाच्या मांडवाला बाजारातल्या चांदण्या आणायच्या, एवढीच आमची उडी. तू मात्र फोलपटं पाण्यात भिजत घातलीस. वरचा पापुद्रा कुजून गेल्यावर नुसत्या शिरांची जाळी उरली. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरलीस तर भिंतीवर ती परातीएवढी दिसली, आणि तू तिथेच कागद चिकटवून शिरा गिरवायला बसलीस.

पहिला कंदील कसा बसला होता, आठवतं? पाचही कामट्या सारख्या जाडीच्या घेतल्या आणि त्याचं पोटच आत गेलं. मी म्हटलं, जाऊ दे वं पोरी. तू ऐकलं नाहीस. एक फोलपट ब्लेडने उभं चिरून बघितलंस, शिरा देठाशी जाड असतात आणि टोकाकडे बारीक होत जातात. मग कामट्या तशाच तासल्यास. त्या आपोआप फुगल्या आणि टोकाशी येऊन मिळाल्या. आडव्या शिरांसाठी शिवणाचा दोरा खळीत बुडवून दोन पातळ कागदांच्या मध्ये घातलास. आत बल्ब लावला तेव्हा दोरा दिसेना, कागदच जिवंत असल्यासारखा वाटला. झुरळं लागू नयेत म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचं मी सुचवलं, तर तू मला पार्टनर म्हणायला लागलीस. मला आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. मी दुपारची कामं भराभर आटपून तुझी वाट पाहायची.

आणि मग तो दिवस. तू माझ्यासमोर सतरंजीवर बसली होतीस. फोनवर मेसेज वाजला, तू वाचलास. हातातली कामटी तू नीट बसवलीस, खळीच्या वाटीवर झाकण ठेवलंस, नळावर हात धुतलेस आणि म्हणालीस, "येते काकू." मी मान वर करूनही बघितलं नाही. उलट मागून ओरडले, "उद्या लवकर ये वं, चार कंदील राहिले आहेत!" संध्याकाळी बुटीबोरीहून ड्यूटी करून आल्यावर विक्कीने सांगितलं, की त्याने तुला मेसेज करून लग्न मोडलं. त्याच्या डोक्यात कंपनीतलीच कोणीतरी होती. तिचंही पुढे काही झालं नाही. माझ्या पोटच्या पोराने माझ्याच घरात बसलेल्या मुलीला असं तोडलं, आणि मी तिला उद्या लवकर ये म्हणत होते. हे आठवलं की अजूनही हातातलं काम सुटतं.

पुढे यांनी नातेवाइकांत सांगितलं, की नकार मुलीकडून आला. विहारात बायका माझ्याजवळ हळहळल्या. घराची अब्रू म्हणून गप्प राहिले, आणि अब्रू तर रोज थोडी थोडी जातच होती.

मागच्या रविवारी विक्कीचं साक्षगंध झालं. मुलगी हिंगण्याची, मिनल नाव. शाळेत शिकवते, सरळ आहे. मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आले आणि वर बघितलं, तर सगळीकडे तुझे कंदील टांगलेले, आत दिवे लावलेले. मी विक्कीला बाजूला घेतलं. "हे काहून लावले?" तर म्हणतो, "पडूनच तर होते, आई. वाया काहून घालवाचे?" पाहुणे आत येत होते. मी पाण्याचा ट्रे उचलला. वंदना झाली, अंगठ्या झाल्या. मिनलने वर बघितलं आणि म्हणाली, "काकू, किती सुंदर आहेत हे! कोणी बनवले?" विक्की लगेच बोलला, "मार्केटमधून आणले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही वं. रितिकानं बनवले. तिच्या अन् याच्या लग्नासाठी. अन् तिनं नाही म्हटलं नव्हतं, यानं तिले मेसेज करून सोडलं." हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच घराला काडी लावली. मी खुर्ची ओढली आणि वर चढले. दुखरा गुडघा सावरत एकेक कंदील सोडवायला लागले. विक्की गॅलरीत निघून गेला. खाली बघते तर मिनलने खुर्ची दोन्ही हातांनी धरलेली. "उतरवा काकू, मी धरून आहे," म्हणाली. एकही फाटला नाही. दुसऱ्याच दिवशी ऑटोवाल्याच्या हाती सगळे तुझ्या आईकडे पाठवले, स्वतः जायची हिंमत झाली नाही. पण त्याआधीच कोणीतरी फोटो स्टेटसला टाकले होते. ते तुझ्यापर्यंत आले असतील, तर ते कंदील मी लावले नव्हते, एवढं तरी मान.

पण फक्त याच्यासाठी लिहीत नाही. परवा मिनल एकटीच आली. चहाला हात लावला नाही. म्हणाली, "मले तिच्याशी एकदा बोलाचं आहे, काकू. त्यानं सांगतलं ते मी ऐकलं. आता तिच्याकडून ऐकते, मगच लग्नाचं पाहू." तुझा नंबर माझ्याकडे आहे. मी दिला नाही, आधी तिला विचारते म्हटलं. ज्या घराने तुला असं वागवलं, त्याच घराला पुन्हा तुझ्याकडेच मागायची वेळ आली, याची मला फार लाज वाटते. तू नाही म्हणालीस तर मिनलला तेवढंच सांगेन आणि तुला परत त्रास देणार नाही. हो म्हणालीस तर तिला सगळं सांग. तो माझा मुलगा आहे म्हणून काही झाकू नकोस. लग्न मोडलं तर मोडू दे. तिला तुझा नंबर देऊ का, बेटा?

तुझीच,
सिंधूकाकू