उद्या मूर्ती आपल्या घरी

बाबा,

आज बुधवार, एकवीस ऑक्टोबर, संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटे. मूर्ती घरोघर न्यायच्या रोझरीच्या यादीत एकविसाव्या घरापुढे खूण केली आणि पेन तसाच हातात राहिला. घरं बावीस आहेत. उरलेलं घर आपलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. तुमच्यामागे मिशनमध्ये धर्मशिक्षण द्यायला कुणी राहिलं नाही. मग मोंढ्यामागे पास्टरांचा हॉल सुरू झाला. तिथे ढोलक, माईक, आणि आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करणारी माणसं. आपल्या मिशनमधली नऊ घरं एकेक करून तिकडे गेली. यंदा नवे फादर आले. ते कुणावर रागावले नाहीत. घरोघर गेले, आजाऱ्यांजवळ बसले, मुलांचा वर्ग पुन्हा भरवला, आणि या महिन्यात मरियामातेची मूर्ती रोज एका घरी न्यायची असं ठरवलं. "तुझं अक्षर चांगलं आहे, यादी तूच कर," मला म्हणाले. आपलं घर चौथं होतं. ते मी नववं केलं, मग पंधरावं, मग शेवटचं. खाडाखोड दिसू नये म्हणून दर वेळी नवा कागद घेतला.

कारण माय दीड वर्षापासून हॉलमध्ये जाते. तिथल्या प्रार्थनेनं गुडघे दुखायचे थांबले म्हणते. आपल्या फळीवरची लहान मूर्ती तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात ठेवली आहे. दळणाला ज्वारी काढताना माझ्या हाताला लागली. मी डबा गपचूप बंद केला. येत्या रविवारी ती येलदरी धरणाच्या पाण्यात उतरून नव्यानं बाप्तिस्मा घेणार आहे. मागच्या साली हॉलमधली, अशीच पाण्यात उतरलेली एक म्हातारी वारली, तर मिशनच्या कमिटीनं तिला आपल्या कब्रस्तानात जागा दिली नाही. ट्रॅक्टरवरून तिला भावाच्या शेतात नेलं. मी मागून चालत होतो.

आज दुपारी तिला विचारलंच. ती भाकरी थापत होती.

"माय, उद्या मूर्ती यायलीय घरी."

"येऊ दे की. चार लोकं येतील, चहा टाकते. पन गुडघे टेकणार न्हाई म्या. लय मुश्किलीनं बरे झालेत."

"आन् पाण्यात उतरलीस तर बाबांजवळ कोन ठिवू देईल तुला?"

तिनं भाकरी परतली. "तुझ्या बापापायी म्या माझ्या मायचा देव सोडला. मायनं चार वर्सं दार उघडलं न्हाई मला. तवा तुझा बाप म्हनला, माती सगळीकडं एकच हाय. म्हनला का न्हाई, इचार त्याला."

म्हणून विचारतो आहे, बाबा. खरंच म्हणाला होतात? वर्गात एक उत्तर चुकलं तर तुम्ही सगळ्यांपेक्षा मला जास्त वेळ उभं करायचात. ती सगळी उत्तरं मला अजून तोंडपाठ आहेत. त्यांत हे नव्हतं.

हे पत्र तुमच्या कबरीवरच्या दगडाखाली ठेवणार होतो. पण पुढच्या आठवड्यात मृतांच्या स्मरणदिनाआधी सगळे कबरी झाडायला येतील, आणि माझं अक्षर फादर ओळखतात. वहीतच राहू दे. एक मात्र मायला सांगितलेलं नाही. ती मातीचं तसं बोलली तेव्हा क्षणभर मनात आलं, की तिला तिथे नाही ठेवलं तर तुमच्या शेजारची जागा मला मिळेल. आणि मला बरं वाटलं.