पेटीचा भाता

महाड

चंपाबाईस, गणूचा मनापासून जय भीम.

मी बरा हाय, जेवण जातं. फोनवर आपली लेक सरिता कान लावून बसते, म्हणून लिहितोय.

लकव्यातून उजवा हात वाचला, पण पेटीचा भाता डाव्याने हलत नाय. कानाने शिकलेली पेटी वीस मार्चला चवदार तळ्यावर वाजवायची, एवढंच जन्मभर मनात होतं. लेक म्हणते, "बाबा, आता नुसत्या टाळ्या वाजवा." एका हाताने कशा वाजवू गो?

जावयाला भाता दिला, तर तो सायकलचा पंप मारतो. सूर रडतो नि मी चिडतो.

तुझा गुडघा कसा हाय? म्हशीचं शेजारची शर्मिला बघेल काय? जन्मभर पेटीला कटकट म्हणालीस, पण मी कुठे श्वास घेतो ते तुलाच ठाऊक. ये, माझ्या डावीकडे बस आणि भाता धर.

तुझी वाट बघणारा,
गणू