तपकिरी कागदी पिशवी

१४ मे, मंगळवार

आज वर्गात पुन्हा मी म्हातारी गिऱ्हाईक झाले. हातात छत्री, नाकावर चष्मा. खोकला मात्र खराच! औषधशास्त्राची ही मुलं रोगांची नावं घडाघडा म्हणतात, पण 'लघवी' म्हणायची वेळ आली की दातखीळ बसते.

काउंटरमागे औषधविक्रेता झालेला त्सुजी. "आजी, तुम्हाला ती... पाण्याची अडचण..."

"माझ्या घरचा नळ गळतोय होय रे?"

वर्ग खिदळला. त्सुजी लालेलाल! पॅडचं पाकीट त्यानं तपकिरी कागदी पिशवीत घातलं, ती दुसऱ्या पिशवीत, कमरेत वाकला — आणि एकही प्रश्न न विचारता मला वाटेला लावलं. नागासाकीतली सगळी दुकानं हेच करतात.

"चोरीचा माल विकतोयस का? कधीपासून गळतं, खोकताना की हसताना, कुठल्या गोळ्या चालू आहेत — विचार की!"

"पण बाई, विचारलं तर त्यांना लाज वाटेल ना?"

"न विचारल्यानं जास्त वाटते."

छान बोलले. आणि तास संपताच धावत जाऊन पॅड बदललं. कुणाला सांगायची सोय नाही!

१९ मे, रविवार

मिसाओचा फोन. शाळेतल्या आम्ही चौघी, ऑक्टोबरात उन्झेनला, गरम झऱ्यांवर. "गेल्या वर्षी तुझ्या परीक्षा, त्याआधी पडसं. यंदा काय, लग्न ठरलंय तुझं?"

हसले. हसले म्हणून कपडे बदलावे लागले.

हारुए हिवाळ्यात मुलाकडे होक्काइदोला जाते आहे, कायमची. म्हणजे चौघी एकत्र अशा बहुधा शेवटच्याच. पण एका हौदात उघड्या अंगानं, एका खोलीत अंथरुणं... "बघते" म्हटलं.

२० मे

शाळेतल्या सिस्टर आन्येस आठवल्या. तास चालू असताना कुणी बोट वर केलं की म्हणायच्या, "शहाण्या मुली घंटेपर्यंत धरून ठेवतात." मऊ, साबणाचा वास येणारे हात. आजारी पडले की झग्याच्या खिशातून लिंबाची गोळी काढून द्यायच्या. मी त्यांची सर्वांत शहाणी मुलगी. बघताय ना, सिस्टर!

२ जुलै, मंगळवार

तोंडी परीक्षा. मी पुन्हा म्हातारी; ओदासर गुण देणार. कागदावर माझं उत्तर ठरलेलं — गोळ्या कुठल्याच नाहीत.

इवानागा आली. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली मुलगी. कुजबुजली नाही, ओरडलीही नाही.

"आजी, कधीपासून होतंय?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"आणि हा खोकला?"

खोकला कागदावर नव्हता. "त्याच्या जरा आधीपासून," मी म्हणाले.

"रक्तदाबाची गोळी घेता?"

'नाही' म्हणायचं होतं. "हो" म्हणाले. नावही सांगितलं.

"या गोळीनं काहींना कोरडा खोकला लागतो, आजी. सारखं खोकून खाली ताण येतो, म्हणून गळतं. तुम्ही आपणहून बंद करू नका हं. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. तोवर एक व्यायाम दाखवते."

ओदासर कागद चाळत म्हणाले, "अगं, हे यात कुठंय?"

"आजींच्या खोकल्यात आहे, सर."

दर वर्षी मीच हे फळ्यावर लिहिते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओदासरांना वाटलं, काय अभिनय!

३० जुलै

गोळी बदलून तीन आठवडे झाले. खोकला गेला. गळणं — अगदी नाही, पण बरंच कमी.

त्सुजीची तक्रार : "बाई, पूर्वी खोकला ऐकून तुम्ही आल्याचं कळायचं. आता सावध व्हायला वेळच मिळत नाही!"

मिसाओला "येते" कळवलं. पॅडचं पाकीटही आणून ठेवलं.

१२ ऑक्टोबर, उन्झेन

बॅगा उघडल्या. मी माझी तपकिरी पिशवी टॉवेलाखाली सारत होते, ते मिसाओनं पाहिलं. तिनं आपल्या बॅगेतून तशीच पिशवी काढून चटईवर ठेवली. मग हारुएनं. मग सेत्सुनं.

"सिस्टर आन्येसच्या शहाण्या मुली!" हारुए म्हणाली.

इतक्या हसलो, इतक्या हसलो — की चौघी एकदमच संडासाकडे पळालो.