कोरफडीला पाणी कुणी घातलं

आत्याबाई, मी तुमच्या ध्यानात असेन का नाही, कुणास ठाऊक. जित्या होत्या तेव्हाच माझी आठवण तुम्हाला चौथ्या हाकेला यायची. मला बोलवायचं तर आधी नणंदेचं नाव, मग थोरल्या जावेचं, मग म्हशीचं, आणि म्हैस दावणीवरून मान वर करून बघायला लागली की मग माझं. आता तर तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तिकडं काय ध्यानात राहणार. म्हणून आधीच सांगते, मी तुमची धाकटी सून, म्हशीच्या नंतरची. अक्षर मला तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. मी सांगून राहिले आणि माझी सून लिहून राहिली. मी बोलते तसं ती लिहीत नाही, जरा इस्त्री फिरवून लिहिते. फिरवू दे. तुम्हालाही तिथं कुणाकडून तरी वाचूनच घ्यावं लागेल, त्या माणसासमोर आपल्या घराची शोभा नको.

पत्राचं कारण कोरफड. तुम्ही फुटक्या रांजणाच्या बुडात लावली होती ती. रांजण गेला तेव्हा मी तिला गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात आणली आणि इतकी वर्षं सांभाळली. ती या उन्हाळ्यात सडली. वाळली असती तर गोष्ट वेगळी होती. बाहेर असं ऊन, की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, डोक्यावरचा पंखा गरम वाराच खाली ढकलतो, आणि ही बुडातून सडली. अशा दिवसांत जी सडते तिला कुणीतरी पाणी पाजून मारलेलं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंय. बुडाशी फुटलेलं एक पिल्लू तेवढं हाती लागलं. ते दारावर उलटं टांगलंय, मुळं आभाळाकडं करून. ते जगलं तर तुमची कोरफड या घरात राहिली, नाही तर संपली.

तुम्हाला आठवत नसेल, पण मी या घरात आले त्या वर्षी तुम्ही नणंदेच्या बाळंतपणाला महिनाभर पुसेगावला गेल्या होत्या. जाताना सगळ्यांना कामं वाटून दिली. थोरलीला दुभतं दिलं, मामंजींना बियाण्याची राखण. मला म्हणालात, "ह्या कोरफडीला संभाळ." मी विचारलं, "काय करू हिला?" तुम्ही म्हणालात, "काई करू नको." आत्याबाई, नव्या सुनेला असं कुणी सांगतं का? तिचे हात रिकामे दिसले की लोक म्हणतात, आईनं काही शिकवलं नाही. मला वाटलं, सासू परीक्षा बघून राहिली. मग मी सगळं केलं. रांजणातला तो खडबडीत, लालसर मुरूम मला बघवेना. माझं माहेर औंढ्याकडच्या माळावरचं, नुसतं मुरमाड. आमच्याकडच्या पोरीला काळ्या रानात द्यायचं म्हणजे आईबापानं नवस बोलायचे. आणि कयाधूच्या काठची काळी जमीन असलेल्या या घरात एका झाडानं मुरमात काहून राहायचं? मी सगळा मुरूम उकरून उकिरड्यावर टाकला. नदीकडच्या वावरातून पाटीभर काळी माती आणली, तिच्यात शेणखत कालवलं, आणि सकाळ-संध्याकाळ तुळशीला घालावं तसं तांब्या-तांब्यानं पाणी घातलं.

पंधरा दिवस ती अशी फुगली, की मी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. मग बुडाशी पिवळी पडली, मग तपकिरी. तुम्ही परत आल्या, हात लावला, तर अख्खं झाड मुळापासून सुटून हातात आलं, शिजलेल्या वांग्यासारखं लिबलिबीत. माझ्या तोंडातून निघालं, "म्हशीनं तोंड घातलं." तुम्ही रांजणात बोट खुपसलं, नाकाशी नेलं, माझ्याकडं बघितलं. "व्हय? आन् शेणखत बी म्हशीनंच आणून घातलं का?" थोरली पदर तोंडात कोंबून हसली आणि मी तिथंच मातीत बसून रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "काहून रडून राहिली गं? काळ्या मातीचा ह्या घराला लई डौल हाय, पर काळी समद्यालाच मानवत न्हाई. ती पाणी धरून बसती. हिला पाणी सोडून देणारी माती लागती." मग त्या चिखलातून तुम्ही एक पिल्लू शोधून काढलं. धुतलं, सडकं कापून टाकलं आणि सुतळीनं दारावर उलटं टांगलं, जखम वाळायला. येणारी-जाणारी विचारायची, "नजर लागली का काय घराला?" तुम्ही म्हणायच्या, "व्हय, धाकटीच्या मायेची."

आणि मग तुम्ही ते केलं, जे कुण्या सासूनं केलेलं मी ऐकलं नाही. म्हणालात, "आता हिला मुरूम लागंल. तुझ्या माहेरी हाय ना? जा, घेऊन ये." मामंजी ओट्यावरून ओरडले, "मुरमासाठी सून माहेरी धाडती? गाव हसंल." "हसू द्या. तुमी आणता का डोक्यावर?" मी आठ महिन्यांत माहेर बघितलं नव्हतं. पंचमीला कुणी न्यायला आलं नाही, दिवाळीला कापूस वेचणी होती. मी कुणाला बोलले नव्हते. चुलीपुढं रडायचे आणि कुणी बघितलं की म्हणायचे, लाकडं ओली हाईत. तुम्ही मला मोटारीत बसवायला फाट्यापर्यंत आल्या. फाट्यावर पुलाच्या कामाचा मुरूम पडलेला, माणसाच्या उंचीचा ढीग. मी त्याच्याकडं बघते. तुम्हीही बघता. मला वाटतं, संपलं, आता इथनंच परत. तुम्ही म्हणता, "तसला न्हाई पायजे. तुझ्या माहेरचाच पायजे. चांगला आठ दिस निवडून आण."

आठ दिवसांनी मी टोपलीभर मुरूम घेऊन आले. आईनं त्याच्यावर फडकं टाकून वर धपाटे ठेवले होते, पळसाच्या पानात बांधलेले, ज्वारीचे, लसूण घालून. मोटारीच्या हिसक्यांनी पानं सुटली आणि खालचा मुरूम वर आला. तुम्ही पहिला घास घेतला आणि करकर आवाज झाला. मला वाटलं, आता काय खरं नाही. तुम्ही घास गिळलात आणि म्हणालात, "दाताखाली तुझं माहेर लागून राहिलं गं." तीन धपाटे खाल्ले. खडे काढले नाहीत.

त्या मुरमात पिल्लू धरलं. पुढं तुम्ही मला सगळं शिकवलं. भांडं कसलंही चालतं, पण बुडाला भोक पाहिजे आणि भोकावर खापराचा तुकडा. मुरूम दोन वाटे, काळी एक मूठ, तीही देवाला नैवेद्य दाखवावा तेवढी. पान लाल पडलं तर ती मेली नाही, उन्हावर रागावली. दुपारी पाणी घातलं तर मुळं शिजतात, म्हणून घालायचं ते दिवस बुडताना, तेही मुरूम कोरडा ठणठणीत झाल्यावर. पत्र्याचा डबा उन्हात तव्यासारखा तापतो, हे मात्र मी माझं मी शिकले. त्याला गोणपाट गुंडाळते. मागं नातीनं पुण्याहून काचेच्या कपांत लावलेली इवली इवली जाड पानांची झाडं आणली, सक्युलंट म्हणते. म्हणलं, ही तर आपल्या कोरफडीची श्रीमंत भाचरं, पण ह्यांच्या बुडाला भोकं कुठंत? सगळी काढून डब्यांत लावली. दोन गेली, चार आहेत. आणि कोरफडीनं काय कमी दिलं या घराला? भाकरीच्या तव्यानं माझा पंजा भाजला तेव्हा तुम्ही रात्रंदिवस गर लावला. पोराचं दूध तोडताना तोच कडू गर माझ्या छातीला लावला. तुमच्या नातवानं तेव्हा जे तोंड वाकडं केलं, ते अजून सरळ झालेलं नाही.

हे लिहिताना सून हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. ती नऊ दिवस काहून हसली नव्हती, ते आता सांगते.

आमच्या अंगणात बायकांच्या बचत गटाची बैठक भरते. लिहायचं-वाचायचं काम सून करते, बाया तिला मान देतात. त्या दिवशी बैठक भरलेली असताना मी डबा सरकवायला गेले आणि कोरफड हातात आली. तोच वास, तेच वांगं. मी सगळ्यांदेखत म्हणलं, "माहेर डोंगरकड्याचं हाय ना हिचं! केळीला पाणी पाजून वाढलेली, हिला कोरफड काय कळंल? चाळीस वर्षं संभाळली म्या, हिनं एका उन्हाळ्यात बुडवली." बाया खाली बघायला लागल्या. सून एवढंच म्हणाली, "मी नाही घातलं पाणी, आई." मी म्हणलं, "मंग काय आभाळानं घातलं?" तिनं वही मिटली. तेव्हापासून घरात दोनच वाक्यं: चहा ठेवलाय, गोळी घेतली का.

गोळी बीपीची. दुपारची असते. मी ओट्यावरच्या खाटेवर बसून घेते, अर्धा गिलास पाणी पिते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतली, आणि माझा हात उरलेल्या पाण्यासकट आपल्या आपण खाटेच्या कडेला गेला आणि गिलास उलटा झाला. तिथं डबा असायचा. त्या दिवशी नव्हता. पाणी फरशीवर सांडलं आणि मी बघतच राहिले. आत्याबाई, रोज दुपारी मीच घालत होते. ऐन उन्हात, तापलेल्या डब्यात. वाटायचं, एवढी तलखी, ही बी म्हातारी, हिलाही तहान लागली असेल. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या हाताला सांगायचं राहिलं. विसरले म्हणू तर अर्धं खोटं होईल. हाताला ठाऊक होतं, मी त्याला विचारलं नाही. सून आली, फरशी पुसली, गेली. मी काही बोलले नाही. त्या वेळी म्हशीवर ढकललं होतं, या वेळी सुनेवर. म्हशीला निदान वाईट वाटलं नव्हतं.

तिच्या तोंडावर हे बोलायला जीभ उचलत नव्हती. म्हणून म्हणलं, माझ्या सासूला पत्र लिहायचंय, बस.

इथं तिचा पेन थांबला. मी तिच्याकडं बघितलं नाही, दारावरच्या पिल्लाकडं बघत बसले. ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. वाटलं, आता ही काही परत येत नाही, आणि बराबरच आहे तिचं. मग ती दोन कप चहा घेऊन आली. एक माझ्यापुढं ठेवला, पेन उचलला आणि कागदावरची नजर न हलवता म्हणाली, "म्हशीनं तोंड घातलं असंल, आई."

म्हैस विकून वीस वर्षं झाली, आत्याबाई.

आता पिल्लाची जखम वाळलीय, त्याला मुरूम लागेल. घरामागं रस्त्याचं काम चालू आहे, मुरमाचे दोन ढीग पडलेत, ते तिलाही दिसतात. मी म्हणलं, "तसला न्हाई पायजे. उद्याच्या गाडीनं माहेरी जा. डोंगरकड्याला डोंगर तरी असंल, वंजळभर मुरूम निघंल. चांगला आठ दिस निवड." म्हणाली, "आणि तुमची गोळी?" "घेईन. उरलेलं पाणी पिऊन टाकीन."

पाकिटावर पत्ता काय घालू, असं विचारून राहिली. पत्ता नाही, पाकीट नाही, हे टाकायचंच नाही. तुझ्याजवळ ठेव म्हणलं. बायांसमोर हे माझ्या तोंडून निघेल का, खरं सांगायचं तर मला भरवसा नाही. नाही निघालं तर पुढच्या बैठकीत तिनं वाचून दाखवावं, मी बहिरीचं सोंग घेऊन बसेन.

आणि पोरी, तुझ्या आईला म्हणावं केळी पाठवू नका, ह्या उन्हात दोन दिवसांत काळी पडतात. धपाटे पाठवा, ज्वारीचे, लसूण जास्त. आणि वेगळ्या पिशवीत घालू नको, मुरमाच्या वरच ठेव. मला दात राहिले न्हाईत, पण खडा लागला की कळतो.