ट्रॉलीचा लाल दिवा

पवनार,
१८ नोव्हेंबर २००७

प्रिय गजू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर आपण दोन-तीन मिनिटं बोलतो. त्यात तुझ्या लेकीची, आचलची शाळा आणि तुमच्या भिलाईची थंडी, एवढंच होतं. जे सांगायचं आहे ते फोनवर मला जमलं नसतं. तेरा वर्षं झाली, तू आई-बाबांच्या वडनेरच्या घराची पायरी चढला नाहीस. दर दिवाळीला मी ये म्हणते आणि तू 'पाहू ना ताई' म्हणतोस. बाबांनी तुला चारचौघांत खोटारडा म्हटलं. तो शब्द ते मागे घेत नाहीत तोवर तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. आणि बाबांनी आजवर कुठलाच शब्द मागे घेतलेला नाही, हेही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तू कापूस घेऊन हिंगणघाटला निघाला होतास. दिवेलागण झालेली, आणि हायवेवर आपल्या गावच्या प्रेमदासची लूना मागून येऊन ट्रॉलीवर आदळली. त्याचा पाय मोडला. मागे लाल दिवा दिसलाच नाही, असं तो म्हणाला. तू म्हणालास, दिवा मी स्वतः बसवला होता, पेटवूनही पाहिला होता. पण बसवलास तेव्हा घरचे सगळे वेचणीला गेले होते, कुणी पाहिलं नव्हतं, आणि दिवा तर धडकेत फुटून गेला होता. दवाखान्याच्या ओट्यावर बाबा सगळ्यांसमोर ओरडले, "लाइट लावला नाई, अन् वरून खोटं बोलून राह्यला!" महिन्याभरात तू भिलाईला निघून गेलास. मी तेव्हा सासरी होते. मला हे सगळं पत्रातून कळलं, आणि खरं सांगते, माझ्याही मनात आलं होतं की गजू घाबरून बोलला असेल.

आता घरची बातमी. कैलासने दसऱ्याला नवा ट्रॅक्टर आणला. तुझा धाकटा भाऊ आता पोट सुटलेला गृहस्थ झाला आहे, पण ट्रॅक्टर पुसतो तो लहान मूल पुसावं तसा. ट्रॉली मात्र आपली तीच जुनी. नव्या ट्रॅक्टरला मागे ट्रॉलीच्या दिव्यांसाठी सात भोकांचं सॉकेट आहे. बाबा वाकून वाकून पाहत होते. म्हणाले, "येवढी भोकं कायले? आपल्या ट्रॉलीले तं एकच वायर पुरे." कैलासनेही तसंच केलं, जुन्या सवयीने एक वायर इकडे, एक तिकडे जोडली. मग काय! ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मिणमिणायचे, डावीकडचा लावला की ब्रेकचा दिवा उघडझाप करायचा. बाबा बाजेवरून हसत होते, "कैलास, ट्रॉली डोये मारून राह्यली तुले!" मग फ्यूज उडाला आणि कैलास अंगणातच फतकल मारून बसला.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तेव्हा आठ दिवस तिथेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी हिंगणघाटहून मोतीलाल मिस्त्री आला. बोलका माणूस आहे. त्याने मला ट्रॉलीमागे उभं केलं, "ताई, तुमी फक्त लागला, नाई लागला, येवढं सांगत जा." तो पुढून बटणं दाबायचा आणि मी शाळेतल्या पोरीसारखी मागून ओरडायची. मग त्याने समजावून सांगितलं. "जुन्या गाडीत दिव्याची वायर ट्रॉलीच्या लोखंडाले कसली का हुकातूनच अर्थिंग भेटे, कसंही चालून जाये. ह्या नव्या गाडीले तसं चालत नाई. हर दिव्याले आपली वायर, अन् अर्थिंगची वायर वेगळी. अन् ती कसाची उघड्या लोखंडावर. रंगावर कसली तं करंट परत जाईन कुठून?"

अर्थिंगच्या वायरीसाठी जागा शोधताना त्याला मागच्या फळीखाली, उजव्या अंगाला, एक जुना बोल्ट सापडला. तू बसवलेला. तुझ्या वायरीचा तुटका तुकडा अजून त्याच्याखाली होता. मोतीलालने पाना लावून बोल्ट काढला आणि बॅटरीच्या उजेडात पाहत बसला. "इथं पयले कोनं तरी मस्त काम केलतं," तो म्हणाला. "लोखंड गोल घासून साफ केलं, वायर बराबर आनली. अन् मंग कोन्या शहान्यानं त्याच्यावरच रंग मारला अन् रंगावर वायर कसली. कसा लागन लाइट? काऊन केलं असन असं?"

मी वाकून पाहिलं. वायसरच्या चकतीखाली रुपयाएवढा आकाशी रंग होता. ट्रॉलीवर नंतर लाल चढला, हिरवा चढला, पण तिथे खाली तो आकाशी तसाच राहिला होता. गजू, आपली ट्रॉली एकाच वर्षी आकाशी होती. त्या दसऱ्याला मी माहेरी आले होते आणि पूजेआधी ट्रॉली रंगवायचं काम हट्टाने मागून घेतलं होतं. तू शेतात होतास. मागे फळीखाली मला ते घासलेलं टक्कल दिसलं. मला वाटलं, तुझं घासायचं काम अर्धवट राहिलं असेल, पाण्यापावसात गंजून जाईल. मी बोल्ट सैल केला, वायर बाजूला केली आणि तिथे रंगाचे दोन हात दिले. वाळल्यावर वायर परत ठेवली आणि बाबांचा पाना घेऊन सगळं बळ लावून बोल्ट कसला. वायर कशाची, हे कुणाला विचारलं नाही. त्यानंतर आठच दिवसांनी तू कापूस घेऊन निघालास. तू बसवलेला दिवा चांगला होता. तो मी विझवला.

मोतीलालचं काम संपेपर्यंत मी 'लागला, नाई लागला' ओरडत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, मला ट्रॉलीपाशी घेऊन गेले. गुडघा दुखत असताना खाली बसले आणि त्या आकाशी ठिपक्यावर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "अंजू, पोरगं खरं बोलून राह्यलं होतं." नंतर मी एकटीच प्रेमदासच्या दुकानावर गेले. त्याचं स्टँडवर किराणा दुकान आहे, पाय थोडा ओढत चालतो. पाय तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे मोडला, हे त्याला सांगायलाच हवं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "ताई, पाय माहा मोडला होता. तो तं सा महिन्यात जुडला. तुमी लोकं घर काऊन मोडून बसले?"

आणि आता, हे पत्र मी घाईने का लिहिते आहे ते. बाबा तुझ्याकडे येत आहेत. पुढच्या रविवारी, वर्ध्याहून सकाळच्या गाडीने, एकटे. "त्याले सांगजो नोको," असं मला बजावलं आहे. तरी सांगते, कारण मी बाबांना ओळखते. ते तुझ्या दारात उभे राहतील आणि ज्यासाठी आले ते त्यांच्या तोंडून निघणार नाही. ते कैलासच्या ट्रॅक्टरचं सांगतील, कपाशीचं सांगतील, भिलाईतल्या धुराला नावं ठेवतील. तू त्या शब्दाची वाट पाहत बसू नकोस, आणि तो आला नाही म्हणून मन घट्ट करू नकोस. शहात्तर वर्षांचा माणूस एवढ्या लांब येतो आहे, तोच त्यांचा शब्द आहे असं समज. माफी मागायची ती मला मागायची आहे, आणि ती मी इथे, या कागदावर मागते. तू खोटं बोलला नव्हतास. रविवारी कामावर जाऊ नकोस, आणि दार तू स्वतः उघड.

तुझीच,
अंजूताई