बांडगूळ म्हणू नये

ता. ३ मे

चि. झाडवालीस आजीचे अ. उ. आ. तीन महिने झाले, तुझं पत्र नाही. झाडांची नावं पाठ करता करता घरच्यांची विसरलीस वाटतं.

तुझ्या बापानं कोयता परजलाय. अंगणातलं झाड वाळतंय ते वरच्या त्या जुडग्यामुळं, म्हणतो. बांडगूळ आहे, रविवारी खरवडून काढणार. तुझ्या आजोबांनी ते रानात पडलेल्या फांदीवरून आणलं आणि उशीच्या अभ्र्याच्या चिंध्यांनी खोडाला बांधलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि या माझ्या वडिलांच्या घरात घरजावई म्हणून राहायचे. माझा भाऊ त्यांना भरल्या ताटावर बांडगूळ म्हणायचा. रागात मीही म्हणायचे. हे जुडगं आणलं त्या दिवशी ते हसून म्हणाले, घ्या, जोडीला भाऊबंद आणला. तुरे फुलले की वास खिडकीतून आत यायचा आणि ते हातातलं घड्याळ खाली ठेवायचे.

तू शिकलेली, खरं काय ते लिही. बांडगूळ असेल तर निघू दे, मी रडणारी नव्हे.

आजी

ता. ७ मे

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

चुकले, कान धरले. बाबांचा कोयता आधी लपव. ती आमरी आहे, बाजारात ऑर्किड म्हणतात ना, त्यातलीच रानातली. बांडगुळाची मुळं खोडात शिरून रस पितात. आमरी सालीला नुसती धरून राहते. पांढऱ्या मुळांनी पावसाचं, दवाचं पाणी टिपते आणि आपलं अन्न आपल्या पानांत करते. झाडाकडून घेते ती फक्त जागा. एक मूळ हलकेच उचलून बघा, खाली साल धड दिसेल. झाड का वाळतंय ते बुंध्याशी उकरून शोधा. तू मात्र स्टुलावर चढू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी झाडवाली

ता. १२ मे

चि. झाडवालीस अ. उ. आ. स्टुलावर चढलेच. मूळ उचललं. सालीला ओरखडासुद्धा नाही. तुझ्या बापानं चष्मा लावून दोनदा बघितलं. मग बुंधा उकरला, तर वाळवी! आता मुकाट्यानं औषध घालतोय. कोयता जणू शेजाऱ्याचाच होता.

तुझ्या आजोबांनी या घरात छप्पर तेवढं घेतलं, खाल्लं ते स्वतःच्या कमाईचं. मला ठाऊक होतं. तरी एकतीस वर्षं तोच शब्द वापरला. आता त्यांना कुठं जाऊन सांगू? तुरे फुललेत. मी खिडकी लावत नाही, एवढंच.

शब्द काढणारा भाऊ मात्र अजून जिवंत आहे, तोंडात दात नसले तरी. तुझं पत्र नकलून त्याला धाडलंय. तू मध्ये पडू नकोस. त्यानं सुनेकडून लिहवून घेतलेलं मी वाचणार नाही. उत्तर त्यानंच द्यायचं, स्वतःच्या हातानं.

आजी